हळद लागलेला कोल्हा

मित्रांनो, मी एक जुना दगडी कोल्हा आहे. नीट ऐकलंत ना? कोल्हा! कुत्रा नाही. ज्याला माझं तोंड बघून हसू येतंय त्यानं आत्ताच पोटभर हसून घ्यावं, कारण आज माझं टाळकं सटकलंय आणि मध्येच कुणी खिदळलेलं मला चालणार नाही.

आधी पत्ता सांगतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेहून ट्रेन पकडायची, मग दिवसाला चारच फेऱ्या मारणारी बस, आणि बस सोडली की सुईसारख्या पानांच्या फर झाडांतून चाळीस मिनिटं नुसती चढण. तिथं, ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगरात, एक जपानी शिंतो देऊळ आहे. देऊळ म्हणजे केवढं? तुमच्या घरच्या फ्रिजएवढं. लाकडाचं, उतरत्या छपराचं. समोर लाल कमान, बाजूला हात धुवायची दगडी कुंडी, आणि कमानीच्या डाव्या हाताला मी. इनारी म्हणून जपान्यांची धान्याची देवता आहे. तिचे निरोप पोचवायचं काम आम्हा कोल्ह्यांकडे. मोठ्या जबाबदारीचं काम आहे, चेष्टा नाही.

जर्मनीतल्या जपानी देवळातला दगड मराठी कसा काय बोलतो, असं ज्याला वाटतंय त्यानं जरा दम धरावा. येतोय तिथंच.

मला घडवलं चाळीसेक वर्षांपूर्वी. मोरियामा नावाचा एक जपानी इंजिनियर कार्ल्सरूहेच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. यंत्रं बसली, पण हा परत गेलाच नाही. कारण हानेलोरे. ती या डोंगरावरच्या गावात पोस्टात कामाला होती. दोघांचं लग्न झालं आणि तिच्या वडिलांच्या जंगलाच्या तुकड्यात मोरियामानं हे देऊळ बांधलं. एकट्यानं, रविवारी रविवारी. फक्त कोल्हा त्याला जमेना. म्हणून तो गेला गावातल्या ओएलरकडे. हा ओएलर थडग्यांचे दगड घडवायचा. जन्मात कधी देवळातला कोल्हा पाहिला नव्हता. मोरियामानं त्याला कागदावर चित्र काढून दिलं. पठ्ठ्यानं तो कागद हरवला! आणि विचारायची लाज वाटली म्हणून आपल्या वाल्डीला, म्हणजे शिकारी कुत्र्याला, समोर बसवलं आणि लागला छिन्नी मारायला.

शनिवारी मोरियामा बघायला आला, तेव्हा माझं तोंड, कान, पुढचे पाय तयार होते. शेपूट तेवढी बाकी होती. मोरियामानं मला पाहिलं, शेजारच्या थडग्याच्या एका कोऱ्या दगडावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हसला! माझ्या आयुष्याची नासाडी झाली आणि मालक हसतोय! मग शेपटीच्या वेळी मात्र तो ओएलरच्या डोक्यावर उभा राहिला. त्यामुळे शेपूट झाली एक नंबर. जाडजूड, झुपकेदार, टोकाला वर वळलेली. म्हणजे पुढून मी ओएलरचा वाल्डी आणि मागून इनारीचा कोल्हा.

आणि बसवलं कसं? पाठ उताराला टेकवून! माझा एकमेव पुरावा मातीकडे तोंड करून. दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढलं आणि विषय संपला.

तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, "ओ, आइन हुंड!" हुंड म्हणजे कुत्रा. डोंगर चढून घामाघूम झालेले लोक माझ्या कानाला जाकीट अडकवतात. लहान पोरं पाठीवर बसून टाचा मारतात. मीही काही साधा नाही हं. माझ्या डोक्यावर फरची एक फांदी आहे. कुणी खाली बसून ब्रेडचा घास तोंडात घातला की बरोब्बर त्याच्या कॉलरमध्ये बर्फाचा गोळा. एकानं माझ्या नाकपुडीत च्युइंगम चिकटवलं होतं. तो उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पँटीला मागून हिरवंगार शेवाळ, आणि तसाच गेला तो म्हाताऱ्यांनी भरलेल्या बसमध्ये. हे सगळं मी केलं का? मी केलं असंच धरून चाला.

मोरियामा मात्र दर रविवारी यायचा. झाडायचा, कुंडीतलं पाणी बदलायचा, माझ्यापुढे तळलेल्या टोफूचा एक तुकडा ठेवायचा. आम्हा कोल्ह्यांचा खाऊ तो. मग कमरेत वाकायचा आणि टाळ्या वाजवायचा. दोनच. बाकी आवाज नाही.

बारा वर्षांपूर्वी तो आजारी पडला. दवाखान्यात त्यानं आपल्या मित्राला सांगितलं, "दर रविवारी नको. महिन्यातून एकदा झाड. पण झाड." त्या मित्राचं नाव यादवराव. मूळचे नागपूरचे. कार्ल्सरूहेच्या एका संशोधन संस्थेत धातूंच्या चाचण्या करायचे, मोरियामाशी दोस्ती त्या कामातूनच झालेली.

पहिल्याच दिवशी यादवराव खराटा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाय बे, मी बौद्ध माणूस आहो. देवाबिवाले हात जोडत नाही. मोरियामानं झाडाले सांगितलं, तेवढं करीन. चालते?"

मला चालतंय की. आणि झाडणं कसं, मित्रांनो! कमानीपासून पायऱ्यांपर्यंत फरची एक सुई राहणार नाही. मला धुताना नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, कारण वाळूचा दगड साबण पितो हे त्यांना ठाऊक. धुऊन झालं की थर्मासमधला चहा काढायचे आणि मला सगळं सांगायचे. गुडघा, पेन्शनच्या ऑफिसातली पत्रं, मोरियामा बुद्धिबळात कसा चोऱ्या करायचा ते. बारा वर्षं ऐकून दगडालाही मराठी येतं, त्यात विशेष काय? पण हाक मारताना काय? "कसं काय, कुत्रोबा?" म्हणजे घरचा माणूससुद्धा तसलाच!

हानेलोरे मात्र नवरा गेल्यावर वर आली नाही. तिला ते बघवेना. तिनं यादवरावांना एवढंच सांगितलं, "त्यानं ठेवलं तसं राहू दे. आणि शांतता. इथं जत्रा भरलेली मला दिसली ना, तर त्याच दिवशी बागर बोलावून सगळं काढून टाकीन." बागर म्हणजे आपला जेसीबी.

आता गेल्या ऑक्टोबरची गोष्ट ऐका. इथून माझा खरा राग सुरू होतो.

शाळेच्या सुट्टीत कार्ल्सरूहेचं एक मराठी कुटुंब फिरायला वर आलं. प्रणव, सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको ईश्वरी. सात वर्षांची ओवी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. आणि प्रणवची आई स्नेहलताबाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या. पायात नवेकोरे बूट, अंगावर साडी, त्यावर मुलाचं भलंमोठं जाकीट.

डोंगर, पायऱ्या, छोटं देऊळ आणि बाहेर बसलेला दगडी मी. बाईंनी छातीला हात लावला.

"अगं बाई! प्रणव, खंडोबाचा कुत्रा रे!"

"आई, हे जपानी आहे. बाहेर पाटी आहे."

"पाटीला काय कळतंय? तोंड बघ की त्याचं!"

"अहो आई," ईश्वरी म्हणाली, "खंडोबा इथं ब्लॅक फॉरेस्टमध्ये कशाला येईल? त्याला व्हिसा कोण देणार?"

"तू गप्प बस गं. आठ वर्षं झाली लग्नाला, जेजुरीला एकदा तरी जोडीनं गेलात का? दर वेळी सुट्टी नाही, सुट्टी नाही. तुम्हाला वेळ नाही म्हणून देव आला असेल इथं."

बाईंच्या आवाजात थट्टा नव्हती, हे मला मान्य आहे. कुळाचा देव, सून-मुलाचं राहिलेलं जोडीचं दर्शन, हा काटा त्यांना आठ वर्षं टोचत होता. पण म्हणून काय पर्समधून भंडाऱ्याची डबी काढायची? "यळकोट यळकोट जय मल्हार!" आणि भसकन हळद माझ्या तोंडावर! चाळीस वर्षांत माझ्या अंगाला पाणी, पाला आणि ते एक च्युइंगम सोडून काही लागलं नव्हतं. खंडोबाशी माझं काही वाकडं नाही हो. मोठा देव, त्याचा कुत्राही मानाचा. पण त्याची जागा त्याची, माझी माझी!

प्रणवनं हसत हसत फोटो काढला आणि तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "ब्लॅक फॉरेस्टचा खंडोबा!" त्यानं गंमत केली होती. ग्रुपनं खरं धरलं.

नोव्हेंबरच्या शेवटी चंपाषष्ठी आली आणि त्या आठवड्याच्या रविवारी चाळीस माणसं वर आली. चाळीस! सहा गाड्या हानेलोरेच्या कुरणात लावल्या. कुणी ढोल आणला होता, कुणी स्पीकर. माझ्या डोक्यावर तेल ओतलं. बदाबदा! त्यावर भंडारा. मग आणखी तेल, आणखी भंडारा. माझ्यापुढे वांग्याचं भरीत आणि भाकरी ठेवली. कोल्हा भरीत खातो का, कुणी विचारलं? देवळाच्या लाकडावर हळदीचे पंजे उमटवले. आणि एका उत्साही इसमानं मोरियामाच्या हात धुवायच्या कुंडीच्या काठावर खाडकन नारळ फोडला. नारळ फुटला. काठाचा टवकाही उडाला, चांगला तळहाताएवढा.

तेवढ्यात काठी टेकत हानेलोरे वर आली. चौऱ्याऐंशी वर्षांची. बारा वर्षांनी पहिल्यांदा आली आणि बघतेय काय? पिवळंधमक देऊळ, ढोल आणि फुटकी कुंडी.

"रूहे!" एवढंच ओरडली. शांतता! ढोल थांबला. ती कुंडीपाशी गेली, टवक्यावर हात ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "मी बागरवाल्याला फोन करते."

तिच्या मागोमाग यादवराव धापा टाकत पोचले. गाड्या कुरणात शिरल्या तेव्हाच तिनं त्यांना फोन केला होता. हा माणूस बारा वर्षांत माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलला नव्हता.

स्नेहलताबाई पुढे झाल्या. "अहो भाऊ, तुम्ही आपलेच दिसताय. त्यांना जरा समजावून सांगा ना. देवाचं केलंय, काही वाईट नाही केलं."

"देवाचं?" यादवरावांनी आवाज चढवला. "बाई, मी देव मानत नाही. पण हे माझ्या मित्राचं घर आहे. तुमच्या शेजाऱ्याच्या घरी तो नसताना घुसता का तुम्ही? त्याच्या भिंती रंगवता का? त्याची भांडी फोडता का? मरताना एकच गोष्ट मागितली त्यानं माझ्याकडे. झाड म्हणाला! आता काय झाडू मी इथं?"

एकेक जण गाडीकडे सटकायला लागला. मी बघत होतो. ढोल आणायला दोघं होते, न्यायला एकच उरला, तो घसरत घसरत गेला. बरं झालं!

थांबल्या त्या स्नेहलताबाई, प्रणव आणि ईश्वरी. प्रणवनं खाली मान घालून हानेलोरेची जर्मनमध्ये माफी मागितली. ती म्हणाली, "आल्झो, बरं. नाताळपर्यंत. त्यानं ठेवलं होतं तसं झालं तर ठीक. नाहीतर सगळं निघणार." आणि काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी प्रणव ऑफिसला दांडी मारून साबणाचं पाणी घेऊन आला. यादवराव पोचायच्या आत त्यानं माझा एक कान साबणानं घासलाही. आणि पिवळा कान झाला लालभडक!

"अरे गाढवा!" स्नेहलताबाईंनी त्याच्या हातातून ब्रश हिसकावला. "हळदीला साबण लावतात का? लग्नातल्या साड्यांवरची काय साबणानं निघते? हळदीचा डाग उन्हानं जातो. नुसत्या उन्हानं."

यादवरावांनी वर पाहिलं. फरची झाडं, डिसेंबर, ऊन कुठलं? देवळाच्या लाकडावरची हळद त्यांनी आणि ईश्वरीनं ओल्या फडक्यानं पुसली, ती बरीचशी गेली. प्रश्न माझाच होता. मी तेल प्यालो होतो आणि तेलाबरोबर हळद.

"कोणाच्या अंगणात ऊन येतं इथं?" बाईंनी विचारलं.

येत होतं. एकाच अंगणात. हानेलोरेच्या.

चाळीस वर्षांत जागेवरून न हललेल्या मला त्यांनी एकचाकी गाड्यात घातलं आणि दगडधोंड्यांवरून खाली नेलं. खडखड, खडखड! निरोप पोचवणारा मी, बटाट्याच्या पोत्यासारखा! खाली दरीत दाट धुकं आणि गावावर स्वच्छ ऊन होतं. प्रणवनं बेल वाजवून परवानगी मागितली. हानेलोरे दार अर्धवट उघडून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग बोटानं दक्षिणेकडची भिंत दाखवली आणि दार लावून घेतलं.

स्नेहलताबाईंनी गावातच एक खोली घ्यायला लावली मुलाला. रोज सकाळी यायच्या, माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि ऊन सरकेल तसं मला फिरवायच्या. गच्चीवरच्या पापडांवर लक्ष ठेवतात ना, तसं. दुपारी कोमट पाण्याचं फडकं, मग परत ऊन. मी मनात शिव्या घालत होतो. घालणारच! पहिले चार दिवस हानेलोरे खिडकीतून बघायची. पाचव्या दिवशी बाहेर आली आणि बाईंच्या खांद्यावर एक घोंगडी टाकली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. बाई मराठीत बोलायच्या, ती जर्मनमध्ये. पण नवऱ्यांबद्दल बोलतायत हे मला कळत होतं, दोघींचेही गेलेले.

एक दिवस बाईंनी माझी पाठ उन्हाला केली आणि हातानं शेवाळ बाजूला केलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग माझ्या शेपटीवरून टोकापर्यंत हात फिरवला. "ही कुत्र्याची शेपूट नाही. कोल्हा आहेस होय रे तू? आणि मी काय केलं तुझं!"

मित्रांनो, तेव्हा मला राग आला नाही. थोडा वेळच. पण नाही आला.

नाताळच्या आदल्या दिवशी मला वर नेऊन बसवलं. हानेलोरे यादवरावांच्या हाताला धरून आली. लाकूड स्वच्छ होतं. जमीन झाडलेली होती. मी जवळजवळ दगडाच्या रंगाचा झालो होतो, फक्त साबणाचा कान तांबूस राहिला होता. प्रणव म्हणाला, "कुंडीचा टवका मी चिकटवून आणतो."

"नको," ती म्हणाली. "तो दिसू दे."

मग तिनं कमरेत वाकून दोन टाळ्या वाजवल्या. कितीतरी वर्षांनी. आणि वळून म्हणाली, "देऊळ राहील. पण यादव एकाहत्तर वर्षांचा आहे, त्याचा गुडघा संपलाय. ज्या महिन्यात इथं कुणी झाडायला येणार नाही, त्या महिन्यात बागर येईल. मला हे सडताना बघायचं नाही."

प्रणवनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. काय झालं, काय चुकलं, सगळं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोण कोण येणार, असं विचारलं. अडतीस जणांनी अंगठे दाखवले. अडतीस! कुणी वर हात जोडल्याचं चित्रही टाकलं.

जानेवारीत किती आले? दोन. प्रणव आणि ईश्वरी. यादवराव गुडघ्याला पट्टा बांधून वर आले आणि कुठून कुठं झाडायचं ते शिकवलं. स्नेहलताबाई त्याच आठवड्यात पुण्याला परत गेल्या. फेब्रुवारीत यादवरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ईश्वरी तापानं आडवी, आणि प्रणव एकटा आला. गुडघाभर बर्फ. पायऱ्या तेवढ्या मोकळ्या झाल्या आणि अंधारून आलं. त्याच्या खिशात फोन वाजला. पुण्याहून आई.

"झाडलं का रे?"

"अर्धं झालं गं."

"कोण कोण आहे?"

तो खराट्याला टेकून खाली बघायला लागला. खाली गावात हानेलोरेच्या खिडकीत दिवा होता. ती खिडकीत बसून वर गेलेली माणसं मोजते, हे त्यालाही माहीत आहे.

आता मला सांगा, मी चिडू नको तर काय करू? तेल ओतायला चाळीस आणि झाडायला एक! देऊळ बघायला सगळ्यांना आवडतं. फोटो काढायला आवडतं, नवस बोलायला आवडतं. आणि ज्या मित्राला दिलेल्या शब्दाखातर यादवरावांनी बारा वर्षं गुडघे झिजवले, तो शब्द आता एका पोराच्या खराट्यावर टांगलाय. मार्चमध्ये त्याला ऑफिसच्या कामाला म्युनिकला जायचंय. हेही त्यानं मला सांगितलं. मला आता सगळेच सगळं सांगतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात त्या ग्रुपवर कुणी असेल, आई, बाबा, मामा, काका, तर त्यांचा फोन ओढा आणि हे वाचून दाखवा. मार्चचा पहिला रविवार. सकाळी साडेनऊची बस. नारळ नको, तेल नको, ढोल नको. कुठल्याही अनोळखी दारात शिरण्याआधी इथं कोण राहतं, त्याला काय आवडतं, एवढं विचारायचं असतं. मी सांगून टाकतो, माझ्या मालकाला झाडलेलं अंगण आवडायचं. खराटा माझ्या पाठीमागे ठेवलाय, शेपटीपाशी. आल्यावर आधी कुंडीवर हात धुवा, टवका सांभाळून. मग झाडा. हात जोडायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.